हिशेब मागण्याची सोय

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मी आणि आमच्या इमारतीतले नाना नेरुळमधल्या आमच्याच गल्लीतला नवा फुटपाथ टेपने मोजत होतो. माहिती अधिकारात मिळालेल्या मोजमाप पुस्तकाच्या प्रतीत पेव्हर ब्लॉकच्या कामाची लांबी ११२ मीटर लिहिली होती आणि तीनदा मोजूनही आमचा आकडा ७८ मीटरच्या पुढे जात नव्हता. तिसऱ्या खेपेनंतर टेप गुंडाळता गुंडाळता नाना म्हणाले, "यांना एकच औषध आहे. दहा वर्षं मिलिटरी आणा, सगळे सुतासारखे सरळ येतील." नाना ७६ वर्षांचे आहेत, त्यांनी आयुष्यात कोणाचा एक रुपया अडवला नाही की खाल्ला नाही, आणि त्यांचा संताप खरा आहे. म्हणूनच रस्त्यावर उभ्या उभ्या त्यांच्याशी वाद न घालता मी हे सविस्तर लिहितो आहे.

हा संताप कोठून येतो, हे ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारी आणि नगरसेवकही होता. ही सारी व्यवस्था मतदानातून उभी राहिलेली होती, आणि तिचा बचाव करण्यासाठी मी लिहीत नाही. प्रश्न एवढाच आहे की लष्कर आल्यावर चोरी थांबते का.

याचे उत्तर शोधायचे तर नायजेरियाचा इतिहास वाचावा, कारण तेथे हा प्रयोग पुनःपुन्हा झाला. ३१ डिसेंबर १९८३ रोजी तेथील निवडून आलेले सरकार लष्कराने उलथवले, त्यामागे भ्रष्टाचाराचेच कारण दिले गेले, आणि लोकांनी त्या वेळी स्वागतही केले. मेजर जनरल मुहम्मदू बुहारी यांनी बेशिस्तीविरुद्ध मोहीम उघडली. बसच्या रांगेत नीट उभे न राहणाऱ्यांवर सैनिकांचे चाबूक चालले. नानांना हवे असलेले चित्र ते हेच. मात्र त्याच १९८४ मध्ये आणखी एक फर्मान निघाले, ज्यानुसार सरकारी अधिकाऱ्याची अप्रतिष्ठा होईल असे काही छापणे हा गुन्हा ठरला, मग छापलेला मजकूर खरा का असेना. दोन पत्रकारांना त्याखाली एकेक वर्षाचा कारावास झाला, आणि तोही राजदूतांच्या नेमणुकांविषयीच्या बातमीसाठी.

बुहारींना १९८५ मध्ये दुसऱ्या सेनाधिकाऱ्याने, इब्राहिम बाबांगिडा यांनी, हटवले. आखाती युद्धाच्या काळात तेलाचे भाव चढले आणि देशाच्या तिजोरीत प्रचंड पैसा आला. पुढे १९९४ मध्ये अर्थतज्ज्ञ पायस ओकिग्बो यांच्या समितीने हिशेब तपासला, तेव्हा १९८८ पासूनचे सुमारे १२.२ अब्ज डॉलर अर्थसंकल्पाबाहेरच्या खात्यांतून खर्च झाल्याचे आढळले. तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. ही समिती नेमणारे जनरल सानी अबाचा स्वतः कसे निघाले, हे जगाला १९९८ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतरच नीट कळले. १९९९ मध्ये निवडून आलेल्या सरकारने परदेशी बँकांतल्या त्यांच्या पैशाचा पाठपुरावा केला. स्वित्झर्लंडने आधी सुमारे ७० कोटी डॉलर परत केले आणि २०१७ च्या करारानुसार आणखी ३२ कोटी. त्यानंतरच्या निर्वाचित सरकारांतही तेथे चोऱ्या झाल्या, भरपूर झाल्या. पण परदेशी बँकांत दडवलेली लष्करी काळातली लूट परत मिळवण्याचे काम लष्करी राजवट संपल्यावरच होऊ शकले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भ्रष्टाचाराच्या बातम्या येत नाहीत म्हणून भ्रष्टाचार नाही असे आपण धरून चालतो आणि तेथेच फसतो.

शेजारच्या पाकिस्तानात जनरल मुशर्रफ यांनी ऑक्टोबर १९९९ मध्ये सत्ता घेतली आणि पुढच्याच महिन्यात राष्ट्रीय उत्तरदायित्व ब्युरो स्थापन केला. त्याच्या कायद्यातून सेवेतले लष्करी अधिकारी सर्वसाधारणपणे वगळलेले होते. त्याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. खुर्ची डळमळू लागली तेव्हा, ऑक्टोबर २००७ मध्ये, त्याच मुशर्रफ यांनी अध्यादेश काढून राजकारण्यांवरचे जुने खटले मागे घेण्याची वाट मोकळी केली. तो अध्यादेश रद्द केला सर्वोच्च न्यायालयाने, डिसेंबर २००९ मध्ये, मुशर्रफ पायउतार झाल्यावर.

यावर नानांचे उत्तर मला ठाऊक आहे: "आपलं सैन्य तसं नाही." आपल्या जवानाविषयीचा आदर माझ्याही मनात तेवढाच आहे, पण तो ज्या कारणाने टिकला त्याचा विचार करावा. आपले सैन्य परवाने देत नाही, भूखंड वाटत नाही, भोगवटा प्रमाणपत्रावर सही करत नाही, आणि त्याच्या खरेदीवर बाहेरचा लेखापरीक्षक बोट ठेवू शकतो. जेथे कुलाब्याच्या जमिनीचा मोह आला, त्या आदर्श सोसायटीच्या ३१ मजल्यांत राजकारणी आणि सनदी अधिकाऱ्यांच्या नातेवाइकांबरोबर सेनेतील वरिष्ठांचीही नावे निघाली. ते प्रकरण २०१० मध्ये वर्तमानपत्रांतून गाजले आणि मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. लष्करी राजवटीत ती बातमी कोणी छापली असती, आणि राजीनामा कोणाकडे मागितला असता?

आम्हा नवी मुंबईकरांना याची एक फार सौम्य झलक मिळालेली आहे. २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ महापालिकेचा कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकांनी चालवला. प्रशासकांच्या सचोटीविषयी मला काहीही म्हणायचे नाही. पण महासभा आणि स्थायी समिती यांचे अधिकार एकाच टेबलावर आले की टेंडरवर भर सभेत उभे राहून "हा दर कसा लागला?" असे विचारणारा माणूस उरत नाही. तो माणूस पुष्कळदा स्वार्थापोटी विचारतो, टक्केवारीत आपला वाटा नाही म्हणूनही विचारतो. तरी प्रश्न इतिवृत्तात नोंदला जातो आणि ते इतिवृत्त पुढे माझ्यासारख्याला मागता येते.

आमच्या फुटपाथसाठी मला लागले ते एवढेच: जोडपत्र अ, म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि प्रतींचे पानामागे दोन रुपये. तीस दिवसांची मुदत उलटून गेल्यावर, दोन फेऱ्या मारल्यावर, कागद हातात आले. त्यात कंत्राटदाराची सही आहे, अभियंत्याची सही आहे, आणि ११२ हा आकडा निळ्या शाईत, वर गिरवून ठळक केलेला आहे. त्या कागदाच्या आधारे आम्ही तक्रार दिली, तेव्हा काउंटरवरच्या कारकुनाने तोंड वाकडे केले, पण पोच शिक्का मारून दिली. चाबूक घेतलेला सैनिक दाराशी उभा असता, तर नानांनी आणि मी तो अर्ज दिला असता का, असे मी परवा त्यांना विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

संयुक्त मोजणी येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता ठरली आहे. नानांनी त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ पुढे ढकलून घेतली आहे आणि मोजणीसाठी टेप आपल्याच घरची न्यायची, असे बजावले आहे.