फजची थडगी आणि तो दीड तास

हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाला, टेबलावर चॉकलेट फजचं (साखर-दुधाच्या पाकाच्या मऊ वडीचं) छोटं कब्रस्तान मांडायचं आणि रात्री तेच खायचं. माझे पहिले दोन घाणे एकाच टप्प्यावर फसले: पाक निवण्याच्या. त्या वाट पाहण्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच सांगते.

साखर, दूध आणि कोकोचा पाक २३४ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ११२ सेल्सिअसला, उतरवायचा. गार पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी वळते. वर लोणी आणि व्हॅनिला घालायचं आणि हात मागे घ्यायचा. ढवळायचं नाही, पातेलं हलवायचं नाही, कडेचा पाक खरवडून आत ढकलायचा नाही. ११० फॅरनहाइटपर्यंत (४३ सेल्सिअस) थांबायचं. पातेल्याचा तळ हाताला जेमतेम कोमट लागला पाहिजे. जाड बुडाच्या पातेल्याला यासाठी तास-दीड तास लागतो.

मी १५० लाच डाव घातला होता. गरम पाकात मोजकेच स्फटिक तयार होतात आणि सगळी साखर ओढून मोठे होतात. फज जिभेवर वाळूसारखा लागतो. निवलेल्या दाट पाकात घोटायला घेतलं की असंख्य बारीक स्फटिक एकदम तयार होतात आणि फज लोण्यासारखा मऊ होतो. दुसऱ्या घाण्याला फ्रीजची घाई केली. कडा घट्ट, मधला भाग गरम, पुन्हा रवा.

असा घाणा टाकू नका. दीड कप पाणी घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवा आणि परत २३४ पर्यंत न्या. कडांवरचे दाणे ओल्या ब्रशने पुसून घ्या, सगळा पाक पुन्हा रवाळ व्हायला एक दाणासुद्धा पुरतो.

प्रमाण: ३ कप साखर, पाऊण कपाला थोडा कमी कोको, दीड कप दूध, चिमूटभर मीठ, २ चमचे कॉर्न सिरप (मक्यापासून केलेला गोड पाक), नंतर पाव कप लोणी आणि १ चमचा व्हॅनिला. साखर विरघळेपर्यंतच ढवळायचं.

निवल्यावर लाकडी डावाने जोरात घोटा. आधी पाक आरशासारखा चमकतो, मग डावामागे उमटलेली रेघ मोडत नाही, आणि अचानक चकाकी जाते. त्याच क्षणी ओता, नाहीतर पातेल्यातच दगड होतो. ९ बाय ५ इंचाच्या ब्रेडच्या साच्यात थर जाड बसतो, म्हणून थडगी उभी राहतात.

सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, ४ बाय ६ सेंटिमीटरचे तुकडे कापा, वरची टोकं गोल करा. काही तुकड्यांना सहा कोन दिले की शवपेट्या. अक्षरं वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटने; त्यात पाण्याचा थेंब पडला की ते घट्ट होऊन त्याचा गोळा होतो. माती म्हणून कोकोच्या बिस्किटांचा चुरा, त्यात थडगी एक सेंटिमीटर रोवा.

हो, थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासा. समुद्रसपाटीला २१२ दाखवायला हवं. २०८ दाखवलं तर पाकही ४ अंश आधी, २३० ला, उतरवा.

मांडणी त्याच संध्याकाळी करा. उघडा फज रात्रभरात कोरडा पडतो, डब्यात मात्र आठवडाभर मऊ राहतो. हॅलोविनला खाऊ मागायला दारी येणाऱ्या अनोळखी मुलांना हा देऊ नका, तिथे पाकीटबंद खाऊच घेतात.