मर्यादा ४०० ची, तरी पोर्ट भरलेलाच

सामायिक होस्टिंगचा सर्व्हर, एका आयपीवर ऐंशीएक साइट, नेटवर्कचा पोर्ट (बाहेर जाणारी वाट) सेकंदाला १०० मेगाबिटचा. संध्याकाळी सगळ्याच साइट रखडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. सीपीयू निवांत, डिस्क निवांत, मेमरी शिल्लक. पण बाहेर जाणारा ट्रॅफिक ९५ मेगाबिटला टेकलेला. कुणीतरी एकजण सगळी बँडविड्थ खात होता. कोण, ते मात्र पटकन कळेना.

सगळ्या जोडण्या एकाच आयपीच्या ४४३ क्रमांकाच्या (एचटीटीपीएसच्या) पोर्टवर, त्यामुळे नेटवर्कच्या आकडेवारीतून साइट ओळखता येत नाही. अपाचे या वेब सर्व्हरच्या अॅक्सेस लॉगची (विनंत्यांच्या नोंदवहीची) ओळ विनंती संपल्यावर लिहिली जाते. चालू असलेलं डाउनलोड त्यात दिसतच नाही. शिवाय नेहमीच्या लॉगमधला '%बी' हा प्रतिसादाचा आकार असतो, प्रत्यक्ष गेलेले बाइट नव्हेत. अर्ध्यात तोडलेलं डाउनलोडही त्यात पूर्ण मोजलं जाऊ शकतं. खरे बाइट हवे असतील तर अपाचेचं मॉड_लॉगआयओ हे मॉड्यूल चालू करून '%ओ' नोंदवावा लागतो. त्या क्षणी उपयोगी पडलं ते अपाचेचं सर्व्हर-स्टेटस पान, म्हणजे प्रत्येक वर्कर (विनंती हाताळणारी प्रोसेस) आत्ता काय करतोय ते दाखवणारं पान. 'डब्ल्यू' अवस्थेतल्या, म्हणजे उत्तर पाठवत असलेल्या, बहुतेक वर्करसमोर एकाच साइटचं नाव होतं. साधारण एक जीबीची झिप फाइल, आणि डाउनलोड मॅनेजर वापरणारे पंधराएक लोक. प्रत्येकजण फाइलचे आठ तुकडे एकदम ओढतोय, म्हणजे जवळपास १२० जोडण्या.

गंमत म्हणजे ही साइट तिच्या महिन्याच्या कोट्यात आरामात बसत होती. महिन्याला १ टीबी म्हणजे सरासरी जेमतेम ३ मेगाबिट. कोटा महिन्याचा हिशेब ठेवतो. एका संध्याकाळच्या कोंडीशी त्याला देणंघेणं नसतं.

त्या झिप फाइलीच्या फोल्डरला आम्ही मॉड_रेटलिमिट हे वेग कापणारं अपाचेचं मॉड्यूल लावलं, आकडा ४००. हे एकक सेकंदाला किबिबाइटचं (१०२४ बाइट), म्हणजे सुमारे ३.३ मेगाबिट. पोर्टवर काडीचा फरक पडला नाही. कारण साधं आहे: ही मर्यादा साइटला किंवा माणसाला लागत नाही, प्रत्येक प्रतिसादाला वेगळी लागते. ४०० ने ३० जोडण्या झाल्या की ९८ मेगाबिट होतात. इथे तर १२० होत्या.

आकडा ५० वर आणला. आता १२० जोडण्यांना मिळून ४९ मेगाबिट, पोर्ट अर्धा मोकळा. तरीही बाकीच्या साइट उघडेनात! एरर लॉगमध्ये मॅक्सरिक्वेस्टवर्कर्सची, म्हणजे एकावेळी चालणाऱ्या वर्करच्या संख्येची, मर्यादा गाठल्याची ओळ होती. प्रीफोर्कमध्ये (प्रत्येक जोडणीला एक प्रोसेस देणारी अपाचेची पद्धत) पीएचपी प्रत्येक प्रोसेसमध्ये बसतं, म्हणून मेमरीच्या हिशेबाने ती १५० ठेवलेली. पूर्वी वीस-बावीस मिनिटांत सुटणारे वर्कर आता पाऊण तास अडकत होते. मॉड_रेटलिमिट थोडे बाइट पाठवतं, झोपतं, पुन्हा पाठवतं. तेवढा वेळ वर्कर धरून ठेवतं. थ्रेड वापरणाऱ्या इव्हेंट एमपीएम या दुसऱ्या पद्धतीवर गेलं तरी थ्रेड तसाच झोपून राहतो. फाइल जितकी हळू द्याल, तितक्या जोडण्या साठतात. वेग कापण्याच्या सल्ल्यांत ही बाजू सहसा कुणी सांगत नाही.

मग अपाचेच्या पुढ्यात एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर प्रॉक्सी म्हणून बसवला, म्हणजे विनंती आधी त्याच्याकडे येते आणि तो ती मागे अपाचेकडे पाठवतो. मोठ्या फाइलींचं लोकेशन (पत्त्याचा तेवढा भाग) अपाचेकडे न पाठवता थेट डिस्कवरून द्यायचं ठरवलं, कारण अपाचेचं उत्तर साठवून ठेवणारी प्रॉक्सीची तात्पुरती फाइल मुळात १ जीबीपर्यंतच वाढते. त्याहून मोठ्या प्रतिसादात मागचा वर्कर पुन्हा अडकतो. प्रत्येक प्रतिसादाचा वेग ठरवणारा लिमिट_रेट ४००के. इथे एकक बाइट आहे. 'के' लिहायचा राहून गेला तर फाइल सेकंदाला ४०० बाइटने सरपटते. सोबत दोन लिमिट_कॉन (एकावेळच्या जोडण्यांची मर्यादा): सर्व्हरच्या नावावर १०, पाहुण्याच्या आयपीवर ४. १० गुणिले ४०० म्हणजे सुमारे ३३ मेगाबिट, हीच त्या साइटची खरी कमाल. आयपीवर २ ठेवायचा मोह होतो, पण मोबाइल नेटवर्कमध्ये एका आयपीमागे पुष्कळ लोक असतात. आणि ही बंधनं फक्त त्या लोकेशनपुरतीच हवीत. एचटीटीपी/२ मध्ये एकाच वेळी चाललेली प्रत्येक विनंती स्वतंत्र जोडणी धरली जाते, त्यामुळे पूर्ण साइटला लावलं तर पानावरची अर्धी चित्रं गळतात. मर्यादा ओलांडली की मुळात ५०३ हा 'सेवा उपलब्ध नाही' असा एरर कोड जातो. तो बदलून ४२९ ('फार विनंत्या') केला, म्हणजे लॉगमध्ये खऱ्या बिघाडाशी गल्लत होत नाही.

लिनक्सचं ट्रॅफिक आवरणारं टीसी आणि त्यातली एचटीबी ही वाटपाची पद्धत वापरून हे अधिक नेटकं होतं: रेट (हक्काचा वेग) २० मेगाबिट, सील (कमाल वेग) ६०, म्हणजे पोर्ट मोकळा असेल तेव्हा साइटला उसनं मिळतं. पण त्यासाठी साइटला वेगळा आयपी लागतो. टीसीमध्ये मेगाबिट 'एमबिट' असा लिहायचा; 'एमबीपीएस' लिहिलं तर ते सेकंदाला मेगाबाइट समजतं आणि मर्यादा आठपट सैल होते.

तपासताना एकाच यंत्रावरून कर्ल या कमांडने एकदम बारा डाउनलोड सोडून उपयोग नाही, पाचव्यालाच आयपीच्या मर्यादेचा ४२९ मिळतो. साइटची १० ची मर्यादा पाहायची तर निदान तीन वेगळ्या आयपींवरून, प्रत्येकी चार, असे सोडावे लागतात.