मुरूड नेमके कोणते?

दापोलीच्या एसटी स्थानकावर कोणी ‘मुरूडला जायचे आहे’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला कर्द्याशेजारचे, महर्षी कर्व्यांचे मुरूड समजते. हेच अलिबागला म्हटले, तर जंजिऱ्याजवळचे मुरूड समजले जाते. नाव एकच, पण ते कोठे उभे राहून उच्चारले यावर गाव ठरते. दापोलीतल्या घरी बसून मी व्हेरिलॉग या डिजिटल सर्किटांचे वर्णन करणाऱ्या भाषेत डिझाइन लिहितो, आणि त्या भाषेतही नावाचा अर्थ असाच जागेवरून लागतो, हे मला एका चुकीनंतर खऱ्या अर्थाने उमगले.

माझ्या एका मॉड्यूलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या एका स्वतंत्र भागात, ‘टायमर’ नावाचा इन्स्टन्स (आत बसवलेली दुसऱ्या मॉड्यूलची प्रत) होता आणि तेथीलच एक तपासणी ‘टायमर.काउंट’ वाचत असे. मी इन्स्टन्सचे नाव बदलले. तपासणीतला उल्लेख बदलायचा राहून गेला. तरीही सिम्युलेशन विनातक्रार चालले आणि तपासणी उत्तीर्ण होत राहिली. दोन दिवस वेव्हफॉर्म (सिग्नल काळानुसार कसे बदलतात ते दाखवणारे आलेख) पाहिल्यावर उलगडा झाला. टिंबाने जोडलेल्या नावाचा पहिला भाग आधी त्याच स्कोपमध्ये (नावे जेथे लागू असतात त्या कोडच्या भागात), मग त्याला वेढणाऱ्या स्कोपमध्ये शोधला जातो, आणि मॉड्यूलच्या सीमेपर्यंत तो सापडला नाही, तर ते मॉड्यूल ज्याच्या आत बसवलेले आहे त्या वरच्या मॉड्यूलमध्ये शोध सुरू राहतो. तेथे दुसरा ‘टायमर’ होता, आणि त्यातही ‘काउंट’ होता. म्हणजे सिम्युलेटरने नियम तंतोतंत पाळला होता. यातून निघणारी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते: एकच मॉड्यूल दोन ठिकाणी बसवले, तर त्यातील एकाच ओळीचे दोन वेगळे अर्थ होऊ शकतात, त्यामुळे केवळ ती फाइल वाचून अर्थ सांगता येत नाही.

टिंब नसलेले सिग्नलचे नाव असे सीमा ओलांडत नाही. मात्र पोर्टच्या (मॉड्यूलला बाहेरच्या सिग्नलशी जोडणाऱ्या टोकाच्या) जोडणीत घोषित न केलेले नाव आले, तर भाषा तेथे एक बिटची वायर गृहीत धरते. आठ बिटांच्या बसच्या (एकत्रित तारांच्या गटाच्या) नावात एक अक्षर चुकले, की ती बस मुळी जोडलीच जात नाही. २००१ च्या मानकाने ‘डीफॉल्ट_नेटटाइप’ या सूचनेला ‘नन’ हा पर्याय दिला, म्हणजे अशी वायर गृहीत न धरता त्रुटी दाखवली जाते, आणि माझ्या मते प्रत्येक फाइलची सुरुवात त्यानेच व्हावी.

व्हीएचडीएल या अशाच दुसऱ्या भाषेची शिस्त मला या बाबतीत अधिक पटते. ‘यूज’ने आणलेल्या दोन पॅकेजेसमध्ये (घोषणांच्या संचांमध्ये) एकाच नावाचे दोन स्थिरांक असतील, तर त्या नुसत्या नावाने दोन्हींपैकी एकही मिळत नाही, पॅकेजसह पूर्ण नाव लिहावे लागते, जसे आपण ‘मुरूड-जंजिरा’ म्हणतो. सिस्टिमव्हेरिलॉग या व्हेरिलॉगच्या विस्तारित रूपातही दोन पॅकेजेसमधून सरसकट आयात केलेले असे नाव वापरले, की त्रुटी दाखवली जाते.

त्या तपासणीला लागणारा ‘काउंट’ मी आता पोर्टमधून आणतो. टिंबाची नावे फक्त टेस्टबेंचमध्ये (डिझाइन तपासणाऱ्या कोडमध्ये) लिहितो, आणि तीही ‘डॉलर-रूट’पासून, म्हणजे रचनेच्या सर्वांत वरच्या टोकापासून सुरू करून, त्यामुळे शोध कोठून सुरू होतो हे त्या ओळीतच दिसते.