पुन्हा मेणवलीचा घाट

रविवार, रात्री

आजही वाईजवळच्या मेणवलीचाच घाट रंगवला. घरी विचारतात, तेच तेच किती वेळा काढणार? पण सुरुवातीला सगळी शक्ती रेखाटनातच जायची: पायऱ्यांचं पर्स्पेक्टिव्ह, कृष्णेकडे उतरणारा घाटाचा बाक, देवळाच्या शिखराची उंची. आता ते हाताला पाठ झालंय. पेन्सिलीच्या चार रेषा पुरतात आणि डोळे रंगाकडे मोकळे होतात. जलरंगात याचं मोल फार, कारण जे काय करायचं ते कागद ओला आहे तोवरच.

सध्या ध्यास आहे तो काळ्या पाषाणाचा. ट्यूबमधला काळा लावला की चित्राला भोक पडल्यासारखं दिसतं. त्याऐवजी अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी पॅलेटवर न घोटता कागदावरच एकमेकांत सोडायचे. सकाळी निळ्याकडे झुकतं माप, ऊन चढलं की सिएना जास्त. अकराच्या सुमारास पायऱ्यांचा माथा इतका उजळतो, की तिथे कागद कोराच ठेवायचा आणि फक्त उभ्या बाजूला सावली द्यायची. पायरी आपोआप उभी राहते. पाण्यालगतच्या ओल्या पायऱ्या कोरड्यांपेक्षा गडद, पण त्यांच्यात थोडं आभाळ उतरलेलं असतं. इतके दिवस तिथेच बसूनही हे मला आज पहिल्यांदा दिसलं, आणि खूप आनंद झाला.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने 1890-91 मध्ये जिव्हर्नीच्या घराजवळच्या शेतातल्या गंजी अशाच पुन्हा पुन्हा रंगवल्या, पंचवीसेक चित्रं. उजेड बदलला की तो हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. आज मीही दोन बोर्ड नेले होते, एक सकाळच्या उजेडासाठी, दुसरा दुपारच्या. दुपारचा अर्धाच झालाय. तो घरी फोटोवरून पुरा करणार नाही. फोटोत सावल्या काळ्याठिक्कर येतात, त्यांच्यातला निळा हरवतो.

घाटावर वसईच्या मोहिमेतून, 1739 साली, आणलेली मोठी घंटा आहे. चित्रकार ती हमखास घेतात, मीही घ्यायचो. आज वगळली. ती आली की नजर तिच्यावरच खिळते, आणि मला लोकांनी पायऱ्या पाहायला हव्यात.

पाऊस सुरू झाला की पाणी चढेल, खालच्या पायऱ्या दिसेनाशा होतील. त्याआधी दुपारचा बोर्ड पुरा करायचाय. बर्न्ट सिएनाची ट्यूब संपत आलीय, उद्या आणायला हवी.