अ‍ॅलिगेटरची पाठ वाचताना

मायामीचे दोन दिवस बाजूला ठेवतो. फ्लोरिडात अ‍ॅलिगेटर नीट पाहायचा असेल, तर एव्हरग्लेड्स या पाणथळ राष्ट्रीय उद्यानातली अ‍ॅनहिंगा ट्रेल ही पायवाट गाठावी आणि तीही डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत. पावसाळ्यात पाणी पसरतं, तसे अ‍ॅलिगेटरही पांगतात. पाणी आटलं की ते उरलेल्या डबक्यांत गोळा होतात. काही डबकी तर त्यांनीच शेपटीने आणि पायांनी चिखल उकरून खोल केलेली असतात. मासे, कासवं, बगळे त्यांच्याच आधाराने तगतात. पार्किंगमधली गिधाडं गाडीचं रबर सोलून काढतात, म्हणून तिथे ठेवलेली ताडपत्री घालूनच पुढे निघावं.

लाकडी पुलाखाली अडीच-तीन मीटरचा एक अ‍ॅलिगेटर पहुडला होता. सगळे कॅमेरे जबड्याकडे वळलेले. मला पाहायची होती ती पाठ. तिच्यावरच्या कंगोरेदार खवल्यांच्या प्रत्येक रांगेखाली त्वचेतच तयार झालेली हाडांची तकटं असतात आणि झाडाच्या खोडासारखी वाढीची वलयं त्यांत उमटतात. डाइनोसुकस या नामशेष झालेल्या, मगरीच्या जातकुळीतल्या प्राण्याचं वय याच वलयांनी सांगितलं. हा प्राणी सुमारे ८.२ ते ७.३ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत होता, लांबी दहा मीटरच्या पुढे. डायनोसॉरच्या हाडांवर त्याच्या दातांचे मानले जाणारे व्रण आहेत. एवढं धूड म्हणजे वाढ झपाट्याने झाली असणार, असं कुणालाही वाटेल. १९९९ मध्ये एरिक्सन आणि ब्रोशू या संशोधकांनी वलयं मोजली, तेव्हा उलटंच निघालं. वाढीचा वेग आजच्या मगरींएवढाच होता, पण त्यांची जोमाची वाढ काही वर्षांत मंदावते, तर याची कित्येक दशकं चालूच राहिली. पूर्ण आकार यायला ३५ हून जास्त वर्षं लागली. पुलाखालच्या पाठीकडे पाहताना मला हे फार भव्य वाटलं.

तेवढ्यात कुणीतरी पाव टाकला. मला संताप आला. अ‍ॅलिगेटरला खायला घालणं फ्लोरिडात गुन्हा आहे, कारण त्याची माणसाची भीती गेली की तो धोकादायक ठरतो आणि बहुतेकदा मारलाच जातो. किमान साडेचार मीटर लांब राहावं.

उद्यानातल्या रस्त्याच्या टोकाला फ्लेमिंगो नावाचं ठिकाण. इथलं पाणी खारट आहे आणि बोटींच्या धक्क्याशी अमेरिकन क्रोकोडाइल दिसते. तोंड मिटलं तरी खालचा चौथा दात बाहेर राहतो, मुस्कट निमुळतं असतं आणि जिभेवरच्या ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात. अ‍ॅलिगेटरचं मुस्कट रुंद, खालचे दात झाकलेले आणि तशा ग्रंथी नसल्याने समुद्रात फार काळ तगणं त्याला जमत नाही.

म्हणूनच डाइनोसुकसला ‘राक्षसी अ‍ॅलिगेटर’ म्हणणं मला खटकतं. त्याचे अवशेष तेव्हाच्या उथळ समुद्राच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवर सापडतात. २०२५ च्या एका अभ्यासाने त्याला अ‍ॅलिगेटरच्या कुळाबाहेर ठेवलं आणि त्याला खारं पाणी सोसत असावं, असं मांडलं. फ्लेमिंगोच्या धक्क्यावर, त्या खाऱ्या पाण्यात ती क्रोकोडाइल पाहिल्यावर हे मत मला जास्त पटलं.