दसऱ्याचा बोर्ड

अष्टमीच्या रात्री अंबाबाईची नगरप्रदक्षिणा झाली की दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातल्या पेंटरांना सुट्टी. खंडेनवमीला सुतार पटाशी पूजतो, लोहार ऐरण पूजतो, पेंटर ब्रश पूजतात. आणि पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हा नियम सगळ्यांना सारखा. गणपतीच्या मंडपांचे फलक, नवरात्राच्या कमानी, मग दिवाळीआधी बोर्ड नवा करून घेणाऱ्या दुकानदारांची घाई; या धबडग्यात सगळ्या पेंटरांचे हात एकदम मोकळे असतील असा हा एकच दिवस. म्हणून आमच्या मंडळाचा मेळावा खंडेनवमीला ठेवलेला. मंडळ म्हणजे काही नोंदणी केलेली संस्था नव्हे. पेठेतल्या एका तालमीचा वरचा मजला, दोन सतरंज्या, आणि शहरातल्या पेंटरांबरोबर कागल, इचलकरंजी, गडहिंग्लजकडून सकाळच्या एसटीनं येणारी मंडळी.

माझे वडील, आबा, दुकानांचे बोर्ड लिहायचे. मी त्यांचे डबे धरायची. घरात दुसरं कुणी धरायला नव्हतं म्हणून सुरुवात झाली आणि मग ते डबे माझेच झाले. मेळाव्यातही मी त्यांच्याबरोबर जायची. तिथे मुली फारशा नसत, पण पेंटर लोकांनी कधी मला बाजूला बसवलं नाही. 'आबांची पोरगी' म्हणून पुढं बोलवत आणि हातात खडू देत.

पूजेची तयारी आदल्या रात्री घरोघरी होई. ब्रश आधी रॉकेलमध्ये धुवायचे, मग साबणानं, मग केसांना बोटभर तेल लावून टोक सारखं करून ठेवायचे. पाटावर ते आकाराप्रमाणे मांडले जात. दोन इंची फ्लॅटपासून नंबरप्लेटवर लिहायच्या अगदी बारक्या ब्रशापर्यंत. शेजारी लाकडी फूटपट्टी, रेघ मारायची दोरी, आणि टोकाला गोळा बांधलेली, मनगट टेकवून लिहायची काठी. सिनेमाच्या बॅनरवाल्यांकडचे खाकेही पूजेत असत. टाचणीनं भोकं पाडलेले मोठे कागद, कोळशाच्या पुरचुंडीनं काळे पडलेले. त्यावर झेंडू वाहिला की काळ्या-पिवळ्याची ती संगती मला फार आवडे. अजूनही काळ्यावर पिवळं अक्षर लिहिताना माझा हात खुलतो.

जुना ब्रश बघून मालक सांगता येतो, हे मी तिथे शिकले. ज्याचा हात डावीकडे कलतो त्याचे केस एका बाजूनं झिजतात. जोर देऊन लिहिणाऱ्याचा ब्रश मुळाशी फाकतो. आमच्या मंडळाचे थोरले मास्तर पाटासमोर बसून एकेका ब्रशाकडे बघत आणि 'हा कागलचा', 'हा नवीन हाय, अजून माणसाळला न्हाई' असं बोलत जात.

आरती झाली, प्रसाद झाला, की ब्रशांना सुट्टी आणि खडूंना कामं. तालमीची फरशी काळसर शहाबादी. तिच्यावर पांढऱ्या खडूनं अक्षरं काढायची, ओल्या फडक्यानं पुसायची, पुन्हा काढायची. दुपारपर्यंत सगळी जमीन क, ळ, श्री, ज्ञ यांनी भरून जाई आणि माणसं अक्षरांमधून वाट काढत चहा आणत.

ही सगळी माणसं वर्षभर एकमेकांचे रेट पाडत. फुटाचा भाव आठ आणे कमी करून शेजारच्याचं गिऱ्हाईक नेलं, यावरून आठवडेच्या आठवडे अबोला धरलेला असे. पण खंडेनवमीला त्यातलाच एकजण दुसऱ्याला स्वतःची रीत सांगत असे, आणि हातचं राखून नव्हे. मास्तरांचा तो दंडकच होता. विचारलं तर सांगायचं, दाखवायचं, समोरच्याच्या हातून उमटेपर्यंत बसायचं. आमची कला कुठल्या पुस्तकात लिहिलेली नव्हती. ती दुसऱ्याच्या खांद्यावरून बघूनच येते, आणि बघू दिलं नाही तर ती तिथंच थांबते, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

मास्तरांचा पहिला पाठ जागेचा. 'आधी शब्द वाच, मग पत्रा माप.' ज्वेलर्स लिहायचं तर रफार वर जाणार, दुग्धालय लिहायचं तर उकार खाली उतरणार, आणि कोल्हापूर लिहिलं तर मात्रा वर आणि उकार खाली, दोन्हीकडून जागा मागणार. नवखा पेंटर पत्र्याची उंची मोजून सरळ दोन रेघा मारतो आणि शेवटच्या शब्दाचा उकार चौकटीवर आपटतो. मास्तर आधी सगळा मजकूर बघत. कुठलं अक्षर सगळ्यात वर जातंय, कुठलं सगळ्यात खाली, ते ठरलं की शिरोरेषेची जागा ठरली. बाकीचं तिच्याखाली आपोआप बसतं म्हणायचे. दोन अक्षरांमधलं अंतर मात्र पट्टीनं कधी मोजू देत नसत. र नंतर आपसूक खिंड पडते, ट आणि ठ देठावर लोंबतात, तर म आणि भ अंग भरून उभे असतात. पट्टीनं सारखं अंतर ठेवलं तर डोळ्याला ते सारखं दिसत नाही. हे ते फरशीवर 'मटार' लिहून दाखवत. एकदा पट्टीनं, एकदा नजरेनं. दुसरं पाहिलं की पहिलं कुणालाच बघवत नसे.

आबांचं नाव शिरोरेषेसाठी होतं. अक्षरं लिहून झाल्यावर ती सगळ्यात शेवटी ओढायची, आणि मनगटानं नव्हे तर खांद्यातून. भिंतीवरची लांब जाहिरात असेल तर ब्रश भरून घेऊन भिंतीला समांतर चालत जायचं. पाऊल थांबलं की रेघ थांबते, श्वास अडकला की रेघ जाड होते. आबा मेळाव्यात पोरांना हातात खडू देऊन तालमीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावत. खाली व्यायामाला आलेले पैलवान जिन्यात उभे राहून बघत. मलाही असंच चालवलं. माझी रेघ खिडकीपाशी खाली उतरायची, दर वर्षी तिथंच. 'उजेडाकडं बघतीस, म्हणून,' आबा म्हणाले. तेवढं कळल्यावर रेघ सरळ गेली.

नंबरप्लेटवाले मामा वेगळेच. त्यांचं सगळं काम तळहाताएवढं. पत्र्यावर एमएच ०९ लिहिताना ते खुणेच्या रेघासुद्धा मारत नसत. मोठी अक्षरं लिहिणाऱ्यांना त्यांचं कौतुक आणि त्यांना बॅनरवाल्यांचं. वीस फुटी चेहरा रंगवणारे तात्या एका बाजूला आणि इंचभर आकडा लिहिणारे मामा दुसऱ्या बाजूला, दोघं शेजारी बसून एकमेकांना आपापली युक्ती समजावून सांगताहेत, हे दृश्य मला त्या मेळाव्याचा गाभा वाटतं.

मिसळ खाऊन, भडंगाचा कागद मध्ये पसरून दुपारी बैठक बसली की तात्यांची पाळी. त्यांनी रॉयल, उषा, पद्मा अशा टॉकीजसाठी बॅनर केलेले. छोट्या फोटोवर चौकटी पाडायच्या, कापडावर तितक्याच, पण मोठ्या चौकटी पाडायच्या आणि मग चेहरा एकेक घर करून वाढवायचा. सावलीत हिरवा, गालावर गुलाबी, आणि डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी. जुन्या काळी ते कापड खळ लावून ताणत आणि पावडरचे रंग सरसात कालवत. पाऊस आला की हिरो वाहून जाई, असं तात्या सांगत.

त्यांची गाडी हमखास बाबूराव पेंटरांवर येई. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी आधी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवले. आनंदराव 1916 साली गेले. मग बाबूरावांनी कॅमेरा स्वतः घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते यानंतर. हा इतिहास कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही माहीत. पण तात्यांना त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटे. एवढी मोठी कंपनी चालवणारा माणूस आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतःच करायचा. 1924 च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज देशातल्या सगळ्यात जुन्या शिल्लक पोस्टरांत धरतात. 'आपल्यातलाच माणूस हाय की तो,' तात्या म्हणायचे, आणि बैठकीतले सगळे जरा ताठ बसायचे.

मग जी. कांबळे. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या 1974 साली राज्य सरकारनं शिवाजी महाराजांचं जे चित्र अधिकृत म्हणून घेतलं, ते त्यांच्या हातचं. त्याआधी मुंबईत त्यांनी सिनेमाची पोस्टरं केली, 'मुघल-ए-आझम'चीही. त्या कामासाठी दिग्दर्शक के. आसिफ यांनी देशात मिळतील तेवढे विन्सर न्यूटनचे रंग विकत घेतले, अशी कथा सांगतात. आमच्या बैठकीत ही कथा सुरू झाली की कुणीतरी आपल्या रिकाम्या डब्याकडे बघून उसासा टाकी आणि मग रंगांवर चर्चा. कुठला लाल उन्हात विटतो, कुठला निळा दुसऱ्या हाताशिवाय झाकत नाही, टर्पेंटाइन किती घातलं की रंग चालतो आणि किती घातलं की ओघळतो.

थोरल्या मास्तरांकडे एक वही होती. तिच्यात वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती कापून चिकटवलेल्या. त्यातली नाटकांची नावं बरीचशी कमल शेडगे यांच्या हातची. नाव वाचायच्या आधी नाटक कसलं आहे ते अक्षरच सांगतं, असं त्यांचं काम. मास्तर ती वही फिरवत, पण नक्कल करू देत नसत. 'बघायचं, मिटायचं, आन् आपल्या दुकानदाराचं नाव तसं बोलतंय का बघायचं.' किराणा-भुसाराचं अक्षर आणि हेअर कटिंग सलूनचं अक्षर एकाच वळणाचं काढणाऱ्याला त्यांचा सौम्यपणे पण पक्का ओरडा बसे.

भांडण ठरलेलं असे ते शेडवरून. अक्षराची सावली उजवीकडे टाकायची की डावीकडे? मास्तर उजव्या बाजूचे. आपल्या बहुतेक अक्षरांचा काना उजवीकडे असतो, त्याची सावली बाहेर पडली की अक्षर उठतं, हे त्यांचं म्हणणं. इचलकरंजीची मंडळी डावीकडची. या वादात मी मास्तरांच्या बाजूची आहे आणि राहीन.

दसऱ्याची सकाळ मात्र शांतपणे कामाची. उत्तरपूजा झाली की ब्रश उचलायचे आणि वर्षाचं पहिलं अक्षर सगळ्यांनी मिळून लिहायचं. त्यासाठी आधीच एक बोर्ड ठरवलेला असे. ज्याला बोर्ड परवडत नाही त्याचा बोर्ड. कधी नवऱ्यामागं खानावळ काढलेल्या बाईंचा, कधी सायकल दुरुस्तीच्या खोक्याचा, कधी वाडीवरच्या शाळेचा. पैसे घ्यायचे नाहीत. पत्र्याला रेडऑक्साइड, लांबी म्हणजे पुट्टी, पॉलिशपेपर हे सगळं आठवडाभर आधी कुणीतरी करून ठेवी, वर पिवळा हात मारून वाळवून ठेवी.

मास्तर दोरीला निळीची पूड लावत, दोघंजण दोन टोकं धरत, मधे टिचकी मारली की रेघ उमटे. मग अक्षरांची वाटणी. ज्याचा जो हात चांगला ते अक्षर त्याला. घ एकाला, र दुसऱ्याला, वेलांटी तिसऱ्याला. ब्रश मात्र सगळ्यांना एकाच मापाचा, म्हणजे जाडी सारखी राहते. अवघड गोष्ट ही की बोर्ड एकाच हातानं लिहिल्यासारखा दिसला पाहिजे. त्यासाठी प्रत्येकाला आपली सवय थोडी आवरावी लागे. मामा तर मोठ्या अक्षराला घाबरत, तरी त्यांना अनुस्वार आणि फोन नंबर मिळे आणि ते तो असा लिहीत की बघणाऱ्याची नजर तिथं आपोआप थांबे. रेट पाडल्यावरून अबोला धरलेले दोघे हटकून शेजारशेजारच्या अक्षरांवर बसवले जात. एकाचा काना जिथं संपतो तिथून दुसऱ्याचं अक्षर सुरू होतं; बोलल्याशिवाय ते जमत नाही. मास्तर हे मुद्दाम करत असणार. शेवटी आबा शिरोरेषा ओढत. संध्याकाळी सगळे दसरा चौकात सोनं लुटायला जात तेव्हा निम्म्या लोकांच्या नखांत काळा रंग असे.

आबा थकले त्या वर्षी त्यांनी ब्रश माझ्याकडे दिला. काही बोलले नाहीत. मी ती रेघ ओढली आणि मास्तरांनी लांबून बघून मान हलवली.

नवीन शतक लागलं तसं फ्लेक्स आलं आणि दिवसाचं काम तासावर आलं. टॉकीजचे बॅनर आधी गेले. मग दुकानांचे बोर्ड. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना कंपनीचीच हाय सिक्युरिटी प्लेट लागू लागली तेव्हा मामांचं उरलंसुरलं कामही आटलं. काहींनी स्टिकर कापायचं मशीन घेतलं, काहींची पोरं दुसऱ्या धंद्यात गेली. मेळाव्याला सतरंजी एकच पुरू लागली. मला याचं दुःख आहे आणि ते मी लपवत नाही. फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत फाटतं, फिकं पडतं, गटारीत जातं. मास्तरांनी लिहिलेले पत्रे पेठेत अजून वाचता येतात.

पण मेळावा बंद पडला नाही. गेल्या काही वर्षांत कलाशाळेतली पोरं-पोरी यायला लागलीत. त्यांना जुन्या बोर्डांचे फोटो हवे असतात, त्यावरून संगणकावर फाँट करायचे असतात. चांगलं आहे, करावेत. मी त्यांना एवढंच सांगते, की फोटो काढायच्या आधी खाली बसा, खडू घ्या, आणि हा 'ळ' निदान दहादा काढा. त्याची गाठ कुठं वळते ते बोटांना कळू दे. बहुतेकजण बसतात. मामा आता त्यांच्या घोळक्यात रमतात. बारक्या ब्रशानं त्यांच्या मोबाइलच्या कव्हरांवर नावं लिहून देतात, आणि पोरं रांग लावतात.

परवाच्या खंडेनवमीला त्यातल्याच एका मुलीनं विचारलं, ताई, शेड कुठल्या बाजूला? इचलकरंजीचे दोघं तिथंच बसलेले. त्यानंतर दीड तास काही दुसरं काम झालं नाही. शेवटी तिनं दोन्हीकडून शेड टाकून तेच अक्षर दोनदा काढलं आणि दोन्ही बाजूंना आपलंच बरोबर वाटलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या बोर्डावर तिला आम्ही 'श्री' दिला.