पाटीवर न लिहिलेलं काम

आमच्या दुकानाच्या पाटीवर 'संगणक दुरुस्ती, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म' एवढंच आहे. ज्या कामासाठी पार देवगडपासून माणसं आमचा नंबर शोधतात, ते पाटीवर नाही. लिहायचं तरी कसं? 'जुन्या युनिक्सच्या बूट फ्लॉप्या करून मिळतील' असं रंगवलं, तर चिपळूणच्या बाजारपेठेत लोक थांबून वाचतील, हसतील आणि पुढे जातील. युनिक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली, आणि बूट फ्लॉपी म्हणजे मशीन स्वतःहून उठेना, तर जिच्यावरून ते उठवायचं ती फ्लॉपी.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मुंबईला गेलो, तेव्हा बँकांमध्ये संगणक यायला लागले होते. रंगराजन समितीने 1984 मध्ये शिफारस केली आणि शाखाशाखांतून खतावणी ठेवणारी लेजर पोस्टिंग मशीनं आली. त्यांतल्या कित्येकांवर युनिक्स किंवा त्याचंच भावंड झेनिक्स असायचं. आमची कंपनी ती मशीनं बसवायची आणि मी बॅग घेऊन मागे मागे. बॅगेत एक पेचकस, एक टॉर्च आणि सव्वापाच इंची फ्लॉप्यांची चळत. पहिला धडा तिथेच मिळाला. 1.2 एमबीच्या ड्राइव्हवर मी 360 केबीच्या फ्लॉपीत लिहून दिलं. आमच्याकडे वाचता आलं, शाखेतल्या जुन्या ड्राइव्हवर वाचेना. नव्या ड्राइव्हचं हेड अरुंद, त्यामुळे ट्रॅकही अरुंद उमटतो; जुन्या ड्राइव्हचं रुंद हेड आजूबाजूचा आधीचा कचराही वाचतं. हे कळेपर्यंत अंधेरी ते ठाणे तीन खेपा झाल्या होत्या.

1995 ला गावी परतलो आणि गाळा भाड्याने घेतला. पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गावातली एक पतसंस्था. एक 486 संगणक, त्यावर एससीओ कंपनीचं युनिक्स 3.2, चार टर्मिनलं, म्हणजे त्याच मशीनला जोडलेले पडदे आणि कळफलक. त्यातली दोन पुण्याच्या सी-डॅकची जिस्ट टर्मिनलं, म्हणजे खातेदाराचं नाव देवनागरीत दिसायचं. चिटणीस जुन्या वळणाचे. मशीन चालू झालं की उदबत्ती ओवाळायचे. मी म्हटलं, 'नाना, धूर आत जातो.' ते म्हणाले, 'मग तू काय ते राखण कर.'

ती राखण म्हणजे आपत्कालीन फ्लॉपीजोड. रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या नावाने, लॉगिन करून 'एमकेडेव्ह एफडी' हा हुकूम दिला की मेनू येतो: नुसती बूट, नुसती रूट, की दोन्हींची जोडी. जोडी घ्यायची. एकीवर कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, दुसरीवर छोटी फाइलसिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी, आणि मोजकी हत्यारं. मेनू सोपा, अडचण जागेची. साडेतीन इंची फ्लॉपीत 80 ट्रॅक, दोन बाजू, ट्रॅकला 18 सेक्टर, सेक्टरला 512 बाइट; सगळं मिळून 14,74,560 बाइट. त्यात कर्नल मावला पाहिजे. नेटवर्क, टेप, प्रिंटर असं करत करत कर्नल फुगला की मावत नाही. मग नको ते ड्रायव्हर, म्हणजे एकेक जोडयंत्र चालवणारे तुकडे, काढून कर्नल पुन्हा लिंक करायचा, म्हणजे नव्याने जोडून बनवायचा, फ्लॉपी करायची, आणि नंतर मूळ कर्नल जागेवर आणायचा. हे शेवटचं विसरलात तर दुसऱ्या दिवशी प्रिंटर बंद आणि शिव्या तुम्हाला. शिवाय ही फ्लॉपी त्या मशीनच्याच कर्नलवरून होते. तिच्यात त्याच मशीनच्या डिस्कचे नि कार्डाचे ड्रायव्हर. शेजारच्या संस्थेची आणून चालवली तर चालेलच असं नाही. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचा जोड वेगळा, लेबलवर मशीनचं नाव आणि तारीख.

तारखेपेक्षा महत्त्वाची गोष्ट मी लाल पेनाने लिहितो: 'उठवून पाहिली'. फ्लॉपी केली म्हणजे झाली नाही. मशीन बंद करून तिच्यावरून उठवायचं, मूळ डिस्क माउंट होते का, म्हणजे तिच्यातल्या फाइली उघडतात का, बघायचं, मगच लाल पेन. पहिल्या वर्षी मी हे करत नव्हतो. एका जुलैच्या रात्री लाईट तीनदा गेली-आली, फाइलसिस्टिम बिघडली आणि माझी फ्लॉपी निम्म्यात थांबली. नानांनी एक शब्द काढला नाही. माझ्यासाठी चहा मागवला आणि समोर बसून राहिले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

आता जे सांगतोय ते अजून दुकानात कुणी मोठ्याने बोलत नाही. 2003 साली पतसंस्थेची हार्ड डिस्क गेली. नवीन डिस्कवर सगळं पहिल्यापासून टाकायचं होतं, त्यासाठी मूळ संचातली पहिली फ्लॉपी, जिला सगळे एन-वन म्हणतात, ती हवी. ती एकच होती. मी जेवायला घरी गेलो आणि आमच्या मुलाने 'आत काय आहे बघू' म्हणून ती विंडोज 98 च्या मशीनमध्ये घातली. विंडोजला युनिक्सची फ्लॉपी ओळखता येत नाही. ते शहाण्यासारखं विचारतं, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आत्ता करू का? मुलगा हुशार. त्याने 'यस' दाबलं.

तो रडायला आला होता, पण चूक माझी. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी असली की लिहिणं बंद. सव्वापाच इंचीचं बरोबर उलट, खाच चिकटपट्टीने झाकली की बंद. माझा हात जुन्या सवयीचा, मी ती खिडकी झाकून 'सुरक्षित' केली होती. दोन दिवस फोन केले. शेवटी मुंबईतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या पोटमाळ्यावर तीच आवृत्ती निघाली. रात्रीच्या एसटीने गेलो, त्याच्या घरीच प्रत केली, दुसऱ्या रात्री परत. पतसंस्थेचा सिरियल नंबर आणि ॲक्टिव्हेशनचा कागद नानांनी तिजोरीत ठेवला होता म्हणून निभावलं. अजूनही माझा नियम तोच आहे: ज्याच्याकडे लायसन्सचा कागद त्यालाच फ्लॉपी. कागद नसेल तर चहा पिऊन जा.

त्यानंतर येईल त्या फ्लॉपीची आधी इमेज, म्हणजे हुबेहूब प्रतीची एक फाइल, करून ठेवायची पद्धत पडली. पुष्कळांना वाटतं, फाइल कॉपी केल्या की झालं. बूट फ्लॉपीचं सगळं पहिल्या सेक्टरवर अवलंबून असतं. मशीन चालू होताच आधी जागा होणारा बायॉस ते 512 बाइट उचलून मेमरीत ठेवतो आणि कामाला लागतो. फाइल म्हणून ते कुठे दिसतच नाहीत. म्हणून अख्खी फ्लॉपी सेक्टरगणिक उतरवायची. युनिक्सवर 'डीडी', डॉसवर परत लिहायला 'रॉराइट'. युनिक्समध्ये 1.44 च्या डिव्हाइसचं नाव आरएफडी-झीरो-135-डीएस-18. आमचा मुलगा आता ते झोपेतही टाइप करतो.

2005 च्या 26 जुलैला दुकानात कमरेएवढं पाणी आलं आणि फ्लॉप्यांचा अर्धा संच चिखलात गेला. इमेजच्या सीडी वर होत्या, त्या वाचल्या. फ्लॉप्यांचा डबा त्यानंतर डोंगरावरच्या घरी गेला. आगोटीला घरात सुकी मासळी, लाकडं, मसाला भरतात, त्यात आमचं एक काम वाढलं. मे महिन्यात डबा उघडायचा, प्रत्येक फ्लॉपी एकदा वाचून बघायची, सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या, बंद करायचा. आपल्याकडे फ्लॉपीचा खरा वैरी चुंबक नाही, बुरशी आहे.

ती बुरशी किती चिवट असते ते 2011 मध्ये लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्याने दाखवलं. स्टोअर्सचं मशीन ओपनसर्व्हर 5 या एससीओच्याच युनिक्सवर. कंपनीची सीडी जपलेली, पण बूट फ्लॉपी आणि डिस्क जोडणाऱ्या स्कझी कार्डाच्या ड्रायव्हरची फ्लॉपी बारा पावसाळे लोखंडी कपाटात. शटर सरकवलं तर आत पांढरे ठिपके, पापडाला येतात तसे. अशी फ्लॉपी थेट ड्राइव्हमध्ये घालणं म्हणजे हेडवर बुरशी फासणं. मग पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. मी प्लॅस्टिकचं कवच कडेने उघडलं, आतली तपकिरी चकती हातमोज्याने बाहेर काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने मधून बाहेर अशी पुसली, पंख्याखाली वाळवली आणि एका नव्या फ्लॉपीच्या कवचात बसवली. 2880 सेक्टरपैकी पहिल्या ड्राइव्हने बरेच सोडले. डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सोय अशी की काय वाचलं नि काय राहिलं याचा नकाशा तो ठेवतो. दुसऱ्या ड्राइव्हवर घातली की फक्त राहिलेले सेक्टर वाचतो. प्रत्येक ड्राइव्हचं हेड केसभर इकडेतिकडे असतं, एकाला जमत नाही ते दुसऱ्याला जमतं. चौथ्या ड्राइव्हने शेवटचा सेक्टर दिला. मेंटेनन्सचे साहेब तेवढा वेळ बाकावर बसून होते. मधे एकदा म्हणाले, 'हो, हे दुरुस्ती आहे की बाळंतपण?'

कारखान्यात जाऊन मशीन उठवलं, पडद्यावर 'बूट' आणि खाली दोन टिंबं आली त्यांच्यासमोर 'लिंक' टाइप केलं, ड्रायव्हरची फ्लॉपी मागितली ती दिली, आणि डिस्क दिसली. त्या कामाचं बिल लावताना मी पहिल्यांदा हात आखडता घेतला नाही.

त्याच वर्षी सोनीने फ्लॉपी विकणं बंद केलं. एससीओचंही तोवर बरंच काही होऊन गेलं होतं: 2001 मध्ये युनिक्सचा धंदा कॅल्डेरा कंपनीकडे, मग नाव पुन्हा एससीओ, 2003 पासून खटले, 2007 मध्ये दिवाळखोरी, 2011 मध्ये तिसऱ्याच्या हाती. गिऱ्हाइकाला यातलं काही ठाऊक नव्हतं, त्याची खतावणी चालू होती.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी बाजारात शिरली. दुकानातलं एकही मशीन वाचलं नाही, झेरॉक्सही गेलं. पंधरा दिवस चिखल उपसला. घरचा डबा कोरडा होता, इमेज तीन ठिकाणी होत्या, चेकसम, म्हणजे प्रत बिघडली नाही ना हे ताडायचे आकडे, वहीत लिहिलेले. नवीन दुकान त्या डब्यावर उभं राहिलं असं म्हणणार नाही, ते झेरॉक्स आणि फॉर्मवर उभं राहिलं. पण पहिला फोन पतसंस्थेचाच आला. त्यांची खतावणी आम्ही आधीच व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे नव्या संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, हलवली होती. जुनी बूट फ्लॉपी आता तिथे एक फाइल आहे, तिला बुरशी येत नाही.

जिथे जुनंच मशीन ठेवायचंय तिथे गोटेक लावतो. दिसायला फ्लॉपी ड्राइव्ह, केबल तीच 34 पिनची, पण समोर पेन ड्राइव्हचं भोक. मशीनला काही फरक कळत नाही. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मात्र या कामाला घेऊ नका. त्या काळच्या बायॉसला तो दिसतच नाही, आणि दरवर्षी कुणीतरी तो घेऊन माझ्याकडे येतोच.

या मे महिन्यात डबा उघडला तर चार फ्लॉप्या गेलेल्या. इमेजवरून नव्या केल्या, उठवून पाहिल्या, लाल पेन. कोऱ्या आता दीड डबी उरल्या आहेत. तेवढ्यात देवगडकडच्या एका कॅनिंगवाल्याचा फोन. 'शेट, युनिक्सची बूट फ्लॉपी हवी. मशीन उठत नाय.' मी विचारलं, पडद्यावर काय? 'बूट, आणि खाली दोन टिंबं.' काल काही केलं होतं का? 'पोराने सिरियल कार्डाचा ड्रायव्हर टाकला नि कायतरी लिंक केलंन.' मी म्हटलं, त्या टिंबांपुढे टाइप करा, युनिक्स डॉट ओल्ड, आणि एंटर. लिंक करण्याआधीचा कर्नल त्या नावाने तिथेच पडलेला असतो. थोडा वेळ पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. मग, 'आला, लॉगिन आला!'

फ्लॉपी लागली नाही, जायलाही लागलं नाही. परवा एसटीच्या पार्सलने हापूसच्या रसाचे सहा डबे आले. बिल काय लावायचं ते अजून ठरत नाही.